उंबरठ्याच्या आतलं पाणी

मी तृप्ती घोरपडे, सातारची. गेली बावीस वर्षं मी मराठी माणसांना जग दाखवते, म्हणजे खरं तर बाथरूम कुठे आहे आणि बस किती वाजता सुटणार ते दाखवते, जग त्यांचं ते बघतात. टूर मॅनेजरचा धंदाच असा आहे की माणसाचा आवाज मोठा होतो आणि स्वभाव तिखट. माझा आधीपासूनच तिखट होता, त्यामुळे मला फार त्रास पडला नाही.

नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये बोट शिरली की मी माईक घेऊन पाच मिनिटं बोलते. ते भाषण मला माझ्या धाकट्या भावानं, शार्दूलनं, शिकवलं. तो भूगर्भशास्त्रज्ञ, तिकडेच नोकरीला. आक्का, मोठे शब्द वापरू नकोस, स्वयंपाकघरातलं सांग म्हणजे लोक विसरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मग मी सांगायची की नदी डोंगर सुरीनं कापते, म्हणून तिची दरी तळाशी निमुळती. हिमनदी डावानं कोरते, म्हणून तिची दरी तळाला रुंद, गोलसर, आणि भिंती सरळ उभ्या. आता नुसता बर्फ काय कातळ कोरणार? तर त्याच्या पोटाला दगडगोटे गोठून चिकटलेले असतात. किलोमीटरभर जाडीच्या बर्फाचं सगळं वजन त्या दगडांवर, आणि हा सगळा पसारा दिवसाला वीतभर समुद्राकडे सरकतोय, तोही हजारो वर्षं. सहाणेवर चंदन झिजावं तसा डोंगर झिजला. मग बर्फ वितळला आणि रिकाम्या दरीत समुद्र आत आला.

इथे मी फोटोला वेळ द्यायची आणि मग उंबरठ्याचं सांगायची. समुद्राजवळ पोचेपर्यंत हिमनदी पातळ होते, तिचा जोर सरतो, आणि वाहून आणलेली दगडमाती ती तिथेच टाकून देते. म्हणून फ्योर्डच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठा असतो, आणि आत मात्र बाहेरच्या समुद्रापेक्षाही खोल. वरवरचं पाणी उंबरठ्यावरून ये-जा करतं. तळाचं पाणी वर्षानुवर्षं आतच पडून राहतं, गारठलेलं, काळोखात. "आत गेलेलं काही बाहेर येत नाही, माझ्या सासरसारखं," असं मी म्हणायची आणि ग्रुपमधल्या बायका हसायच्या.

आता मी उंबरठ्याचा भाग गाळते. कोणी विचारलंच तर वेळ नाही म्हणून सांगते.

शार्दूल ज्या फ्योर्डवर काम करायचा त्याचं नाव स्टोलफ्योर्ड. काठावर व्हीकेन नावाचं गाव आहे, होतं. एक धक्का, एक हॉटेल, काही लाकडी घरं, आणि वर चढावर चर्च. गावापासून थोडं आत, त्याच काठावर, एक थोरला कडा पाण्यावर ओणवा उभा. त्याच्या नॉर्वेजियन नावाचा अर्थ म्हातारा घोडा. आम्ही आपले त्याला घोडाच म्हणायचो.

घोड्याचं दुखणं जुनं होतं. दरीत बर्फ होता तोवर त्यानं दोन्ही भिंतींना आतून टेकू दिला होता. बर्फ गेला, टेकूही गेला, आणि भिंती दहा हजार वर्षं बिनआधाराच्या उभ्या राहिल्या. घोड्याच्या पाठीत भेग पडली. त्या भेगेत खोलवर पाणी गोठून बसलं होतं, त्यानंच डोंगराला धरून ठेवलं होतं म्हणा. हवा तापली तसं तेही पाघळायला लागलं, वरून पाऊस भेगेत उतरू लागला, आणि घोडा वर्षाला वीतभर पुढे सरकू लागला. तो पडणार हे गावातल्या बालवाडीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. अरुंद पाण्यात एवढा डोंगर कोसळला तर पाणी जाणार कुठे? काठावर चढणार. प्रश्न इतकाच होता की कधी, आणि त्यासाठी 'कान' होता.

कान हे शार्दूलनं ठेवलेलं नाव. केसाएवढी काचेची तार, धक्क्यापासून रस्त्याखालून पार घोड्याच्या पाठीपर्यंत पुरलेली. तिच्यातून लेसरचा उजेड सतत सोडायचा. जमीन जराशी हलली की तार ताणली जाते आणि उलट येणारा उजेड बदलतो. त्यामुळे तारेची हातहातभर लांबी म्हणजे एकेक कान. बाई चालली, ट्रक गेला, मेंढरानं उडी मारली, सगळं ऐकू येतं. ऐकलेलं संगणक चाळतो आणि डोंगराचं तेवढं बाजूला काढतो. कडा सुटायच्या आधी भेगेतला कातळ अडकतो आणि घसरतो, पुन्हा अडकतो आणि घसरतो, आणि ठरावीक अंतरानं ठोके पडायला लागतात. ठोके जवळजवळ आले की समजायचं, घटका भरली. मग कानानं कोणाला न विचारता सायरन वाजवायचा.

असे ठोके देणारं दुसरं काही त्या गावात नव्हतं. मग आम्ही मराठी लोक तिथे ढोल घेऊन गेलो.

नॉर्वेतल्या मराठी मंडळाचं गणपती विसर्जन व्हीकेनच्या धक्क्यावर व्हायचं. जागा देखणी, हॉटेलवाला हौशी, आणि आमच्या कंपनीनं तर 'फ्योर्डमधलं विसर्जन' म्हणून टूरच काढली होती. मंडळाचं ढोलपथक उन्हाळाभर शनिवार-रविवारी धक्क्यावर सरावाला यायचं. आणि त्यात एक ढोल शार्दूलच्या पोरीचा, जुईचा.

जुई सतरा वर्षांची. तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून बापलेक एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहायचे. तो दिवसभर डोंगराचं ऐकायचा, आणि घरी आल्यावर त्याला पोरीचं ऐकायला जमायचं नाही. दर उन्हाळ्यात मी टूरच्या मधल्या दिवसांत त्यांच्याकडे राहायची, दोघांना ओरडायची, थालीपीठं करून घालायची. माझी निघायची वेळ झाली की जुई दारात उभी राहून म्हणायची, "आत्या, तू गेलीस की आमच्या घरात म्यूट होतं." हसत म्हणायची.

ती पथकात गेली आणि पोरगी बदलली. कमरेला ढोल बांधला की ही एवढीशी पोर धक्का हलवायची. पथक नसेल तेव्हाही रोज संध्याकाळी एकटीच सराव करायची. आणि त्यानंच घोटाळा झाला. ढोलाचे ठोके धक्क्याच्या कातळात जायचे, तिथून तारेत. कानाला वाटायचं घोडा सुटला. उन्हाळ्यात तीनदा सायरन वाजला. तीनदा सगळं गाव चर्चपर्यंत चढलं, म्हाताऱ्यांना खुर्च्यांवरून उचलून नेलं, हॉटेलातली माणसं टॉवेलवर धावली. तिसऱ्या खेपेला गावसभेनं सांगितलं की एक तर ढोल बंद किंवा त्या यंत्राला अक्कल शिकवा.

शार्दूलनं यंत्राला अक्कल शिकवायचं ठरवलं. लोक म्हणतात चूक तिथे झाली. झाली असेल. पण तो उन्हाळा मी डोळ्यांनी बघितलाय. जुई रोज संध्याकाळी वाजवायची, रात्रीच्या जेवणानंतर दोघं टेबलापाशी शेजारी बसायची, आणि एकेक ठोका ऐकून संगणकाला सांगायची की हा डोंगर नाही, हा ढोल आहे. कोणाचा ढोल, तेही. मराठी लिहायचा सराव म्हणून ती नावं देवनागरीत टाइप करायची. 'ढोल, जुई.' 'ढोल, जुई.' मधेच म्हणायची, बाबा हा नको घेऊ, माझा हात चुकला. आणि तो म्हणायचा, चुकलेला पण घे, तुझा चुकलेला हात त्याला ओळखता आला पाहिजे. त्या घरात मी आठ वर्षांनी हसणं ऐकत होते. माझ्या भावानं आपल्या मुलीचे हजारो ठोके एका यंत्राला पाठ करायला दिले, आणि ते करता करता स्वतःही पाठ केले.

त्यानंतर सायरन खोटा म्हणून एकदाही वाजला नाही. गाव खूश, पथक खूश. जुईला तर कौतुक की डोंगर ऐकणाऱ्या यंत्राला तिचा हात ओळखता येतो.

विसर्जनाचा दिवस उजाडला तो पावसानंतरचा. चार दिवस धो धो कोसळून त्या सकाळी ऊन पडलं होतं. माझा ग्रुप धक्क्यावर, मंडळाची माणसं धक्क्यावर, गावची नॉर्वेजियन मंडळीही कुतूहलानं आलेली. उत्तरपूजा झाली. मिरवणूक संध्याकाळी निघणार होती, त्याआधी महाप्रसाद. धक्क्यावर लांबच लांब पंगती बसल्या. शार्दूल मात्र आला नव्हता. इतक्या पावसानंतर मी जागा सोडणार नाही म्हणाला. त्याचं केंद्र फ्योर्डच्या पलीकडच्या काठावर, उंचावर. मी म्हटलं उपाशी मरशील, आणि डबा भरून छोट्या बोटीनं त्याच्याकडे गेले. माझा जीव वाचला तो त्या डब्यामुळे, आणि मला त्याचं काडीचं सुख नाही.

शार्दूल पडद्यासमोर बसला होता, चेहऱ्यावर समाधान. मी डबा उघडत विचारलं, कसा आहे तुझा घोडा? म्हणाला, शांत आहे, सकाळपासून आमची बाईच वाजवतेय. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळींवर ओळी उमटत होत्या. 'ढोल, जुई.' 'ढोल, जुई.' हळूहळू लय चढत होती, पथकात चढते तशी. तो बोटानं टेबलावर ताल धरून बसला होता.

त्या खोलीत मोठी काच होती आणि काचेशी दुर्बीण. माझा ग्रुप नीट जेवतोय ना हे बघायला मी डोळा लावला. सवय, दुसरं काय. पंगती दिसल्या. ढोल एका रांगेत चटईवर पालथे ठेवलेले दिसले. आणि जुई दिसली. पांढरा कुर्ता, कमरेला भगवा शेला, हातात स्टीलची बादली, ओणवी होऊन वाढत होती.

मी म्हटलं, "शार्दूल, जुई तर वरण वाढतेय."

त्यानं मान वर केली. टेबलावरचं बोट थांबलं. पडद्यावर पुन्हा उमटलं, 'ढोल, जुई.' त्याच्या तोंडचा रंग असा गेला की मला काही विचारावं लागलं नाही. त्यानं झेप घेऊन हातानं सायरन दाबला.

सायरन फ्योर्डभर घुमला. नॉर्वेजियन माणसं ताडकन उठली आणि चर्चच्या वाटेला लागली. त्यांना लहानपणापासून तेच शिकवलेलं. आमची माणसं उठली नाहीत. मी दुर्बिणीतून बघत होते, शिव्या घालत होते, आणि ती बसली होती. मी ग्रुपमधल्या मिरजकर काकांना फोन लावला, निवृत्त मुख्याध्यापक, ग्रुप त्यांचं ऐकायचा. त्यांनी शांतपणे सांगितलं की तो सायरन ढोलामुळे वाजतो, हे त्यांना हॉटेलवाल्यानं कालच समजावलंय. मी म्हटलं, काका, ढोल कुठे वाजतोय, उठा. तर म्हणाले, "ताई, भरल्या पानावरून उठू नये. एवढा ताकभात संपवतो आणि सगळ्यांना घेऊन येतो."

लहानपणापासून मलाही तेच शिकवलंय. पान टाकून उठलं तर आमची आजी पाठीत धपाटा घालायची.

शार्दूल तोवर जुईशी फोनवर बोलत होता. बोलत कसला, एकच वाक्य म्हणत होता, तू वर जा, तू वर जा. फोन मोठ्या आवाजावर होता. तिनं विचारलं, "बाबा, खरं?" तो म्हणाला, खरं. ती म्हणाली, "ही माणसं माझं ऐकत नाहीत. थांब, ढोल घेते. ढोलाला उठतील." आणि फोन खिशात टाकला असावा, कारण पुढे नुसतं कापडाचं घासणं ऐकू आलं.

तिनं बादली खाली ठेवली, ढोल कमरेला बांधला आणि वाजवायला लागली. आणि खरंच, पानावरून न उठणारी माणसं ढोलाला उठली. मिरवणूक लवकर निघाली असंच वाटलं असणार. चौघांनी मूर्ती उचलली, कारण उत्तरपूजा झालेला गणपती एकटा कसा सोडायचा? जुई त्यांना चर्चच्या वाटेवर घालत होती. पण मिरवणूक ती मिरवणूकच. माणसं मिरवणुकीच्या चालीनं चढत होती. कोणी हात वर करून नाचलंसुद्धा. ती आधी पुढे होती, मग मागे आली आणि मागून वाजवत त्यांना वर रेटत राहिली, गुराखी गुरं हाकतो तशी. शार्दूल फोनमध्ये ओरडत होता, तू पुढे हो, जुई, तू पुढे हो. ढोलाच्या आवाजात तिला काय ऐकू येणार?

मग घोडा पडला. आधी त्याच्या मानेवरची झाडं वाकली, मग अर्धा कडा सावकाश खाली बसला, आणि आवाज नंतर आला. समोरचं पाणी भिंतीसारखं उठलं. मिरवणुकीचं तोंड चर्चपाशी पोचलं होतं. शेपूट पोचलं नव्हतं.

पाणी उतरलं तेव्हा धक्का नव्हता, हॉटेल नव्हतं. माणसं पुष्कळ वाचली. पेपरांत तेच छापून आलं, की एका मुलीच्या ढोलामुळे पुष्कळ वाचली. मिरजकर काका गेले. मूर्ती धरलेले चौघेही गेले. जुई गेली. काही जण सापडले, ती सापडली नाही. पाणबुडी यंत्रं खाली पाठवली. मग तिथल्या एका साहेबानं आम्हाला नरमाईनं समजावलं की फ्योर्ड आत फार खोल आहे, तोंडाशी उंबरठा आहे, तळाचं पाणी वाहत नाही, त्यामुळे वाट बघू नका. मी त्याला म्हणणार होते की बाबा, हे मला पाठ आहे, मी यावर लोकांना हसवते. पण शार्दूल शेजारी होता.

वर्षानं, पुढच्या भाद्रपदात, मी पुन्हा गेले. टूर नव्हती. शार्दूलबरोबर काम करणाऱ्या टूने नावाच्या बाईनं मला बोलावून घेतलं होतं. खालचं गाव कायमचं रिकामं केलेलं. पण चर्चच्या आसपास घरं होती, तिथे माणसं राहत होती, पोरं खेळत होती, आणि घोड्याची उरलेली अर्धी बाजू त्यांच्या शेजारी उभीच होती. कानावर आता कोणाचा विश्वास नव्हता. त्याचा सायरन तोडला होता आणि माणसं पाळीपाळीनं पडदा बघत बसायची. टूने म्हणाली की शार्दूलच्या पाळीत ठोक्यांची नोंदच होत नाही, तो काही कळवत नाही. कानाला आधीचं विसरायला लावायचा हुकूम वसंतात आलाय, आणि कुठल्या ध्वनिमुद्रणात काय आहे हे शार्दूललाच माहीत, म्हणून सगळे त्याच्यासाठी थांबलेत.

मी केंद्रात गेले तेव्हा तो त्याच खुर्चीवर होता. दाढी वाढलेली, अंगावर तोच स्वेटर. मला बघून हसला आणि म्हणाला, "आक्का, बस. ऐक."

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. 'ढोल, जुई.' थोड्या वेळानं पुन्हा, 'ढोल, जुई.'

मला आधी कळेचना. मग कळलं. उरलेला घोडा वाजत होता. आणि यंत्राला तर तिचाच हात शिकवलेला. ते इमानदारीनं तिचं नाव लिहीत होतं, रोज, दिवसातून कितीतरी वेळा, आणि माझा भाऊ ते वाचायला बसत होता. त्याला काय आहे ते माहीत नव्हतं असं नाही. तो शास्त्रज्ञ आहे, वेडा नाही. म्हणाला, आक्का, मला ठाऊक आहे तो डोंगर आहे. पण जगात दुसरं कोणीच आता तिचं नाव घेत नाही, हे घेतं.

त्या क्षणी मला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं आणि थोबाडीत मारावीशीही वाटली. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. मी चर्चपाशी खेळणाऱ्या पोरांकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "तिनं माणसं उठावीत म्हणून वाजवलं. तू तिच्या नावानं इशारा झाकून बसलायस."

त्यानं काचेतून त्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाला, "पुसलं तर ती कुठेच राहणार नाही." मी म्हटलं, नाही राहणार. खोटा धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

पुसायचं म्हणजे एक बटण दाबून होत नाही. यंत्राला नुसतं विसर म्हणता येत नाही. जे त्याला आपल्या हातानं शिकवलं ते एकेक उघडून, ऐकून, हातानंच नाकारावं लागतं. आम्ही सकाळी बसलो ते दुपार कलेपर्यंत. शिकवताना संगणकाचा माईक चालूच राहिलेला, त्यामुळे प्रत्येक मुद्रणाआधी क्षणभर घरातल्या खोलीतला आवाज असायचा, त्या टेबलापाशी बसून दोघांनी बोललेला. बाबा हा नको घेऊ. चुकलेला पण घे. जुई, आत्याला विचार चहा घेते का. त्यावर माझाच आवाज, मला आलं घालून हवा. त्याची बोटं चालेनात म्हणून मी दाबत गेले. तो हो म्हणायचा आणि मी दाबायची. मी आयुष्यात इतकं घाणेरडं काम केलेलं नाही.

शेवटचं मुद्रण विसर्जनाच्या दिवसाचं होतं. त्यात दोन ठोके मिसळलेले होते, घोड्याचे आणि तिचे. चर्चच्या वाटेखालून तार जाते, त्यामुळे ती चढावर पुढे, मग मागे, मग आणखी मागे कशी गेली तेही त्यात उमटलेलं होतं. घोडा पडल्याचा प्रचंड आवाज झाल्यावरही तिचे ठोके होते. थोडे, पण होते. म्हणजे तिनं पाणी उठलेलं पाहिलं, आणि तरी ती पळाली नाही, वाजवत राहिली. हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. आणखी एक सापडलं. तिची लय तिथे चुकली होती. चुकलेला हात तिचाच होता.

यंत्रानं प्रश्न विचारला, ढोल की डोंगर? दोन्ही सांगायची सोय नव्हती. ढोल म्हटलं तर ते डोंगराला पुन्हा ढोल समजणार. मी माउसवर हात ठेवला, तर शार्दूलनं माझा हात बाजूला केला. हे मुद्रण त्यानं स्वतः दाबलं. माझ्या भाचीचा शेवटचा हात डोंगर म्हणून लिहिला गेला.

संध्याकाळी टूनेनं सायरन पुन्हा कानाला जोडून दिला. काही वेळ पडदा कोरा होता. मग लाल अक्षरं आली, नॉर्वेजियनमध्ये. डोंगर. थोड्या वेळानं पुन्हा. डोंगर. आणि मग कोणाचाही हात न लागता सायरन सुरू झाला. ठोके पुष्कळ दिवसांपासून जवळ येत होते, तेवढी आठवण यंत्रापाशी होती.

मी दुर्बिणीला डोळा लावला. चर्चच्या आसपासची घरं पटापट उघडली आणि माणसं आणखी वरच्या माळाकडे चढायला लागली. कोणी मागे वळून बघितलं नाही. एक बाई हातात जेवणाचा काटा तसाच घेऊन पळत होती. या खेपेला सगळे उठले.

घोडा त्या दिवशी पडला नाही. अजूनही पडलेला नाही. माणसांना मात्र तिथून कायमचं हलवलं, त्यामुळे आता पडला तर कोणाचं काही जाणार नाही. शार्दूलला मी साताऱ्याला घेऊन आले. तो पुढच्या खोलीत बसून असतो. पानावर बसला की पहिला घास घेऊन थांबतो आणि बराच वेळ तसाच बसतो, आणि मी त्याला उठ म्हणत नाही, जेव पण म्हणत नाही. गणपतीत आमच्या गल्लीतून पथक गेलं तेव्हा मी घाईनं खिडक्या लावायला गेले. तो म्हणाला, असू दे उघडी. सगळं पथक जाईपर्यंत त्यानं कान देऊन ऐकलं.

मग मला म्हणाला, "आक्का, यातला एकही हात मला ओळखता येत नाही."

मी खिडकी लावली आणि पानं वाढायला घेतली.